जार नंबर ४१

५ फेब्रुवारी २०२४

कॉलेजातून मॅडमचा फोन. प्राणिशास्त्राच्या स्टोअरमधले जुने जार मार्चअखेरच्या आत निर्लेखनात काढायचं ठरलंय. "काका, एकदा बघायचे असतील तर येऊन जा." मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण त्या स्टोअरची किल्ली कुठल्या खिळ्याला असते हे अजून मलाच विचारतात.

दुपारी गेलो. ६३ जार. मी डेडस्टॉक रजिस्टरवर शेवटची सही केली तेव्हा ७१ होते. आठ कुठं गेले ते कुणाला माहीत नाही. नऊ जार पार कोरडे, आतला मासा खारकेसारखा वाळलेला. चौदांची झाकणं बसलेली. बाकीच्यांत फॉर्मॅलिन पिवळं पडून चहासारखं झालंय.

म्हटलं, फेकू नका, मला चार-सहा महिने द्या. मॅडम म्हणाल्या, पैसे मिळणार नाहीत. पैसे मागितले कुणी?

८ फेब्रुवारी

काम काय ते लिहून काढलं. एकेक जार उघडायचा. मासा काढून तीन दिवस साध्या पाण्यात, रोज पाणी बदलायचं. मग ७० टक्के स्पिरिटमध्ये. फॉर्मॅलिन वर्षानुवर्षं तसंच राहिलं की आंबट होतं आणि हाडं खातं. मासा काचेतून चांगला दिसतो, उचलला की ओल्या पायमोज्यासारखा लोंबतो. आम्ही पूर्वी त्यात टाकणखार टाकायचो. माझ्यानंतर कुणी टाकलेला दिसत नाही. स्पिरिटचं परमिट कॉलेजकडे आहे, ते मॅडम बघणार. वापरलेलं फॉर्मॅलिन मोरीत ओतायचं नाही, कॅनमध्ये साठवून द्यायचं.

लेबल पेन्सिलनं. बॉलपेनचं लेबल स्पिरिटमध्ये टाकलं की आठवड्यात कोरं होतं.

शेवटची गोष्ट माझ्या मनाची, कुणी सांगितलेली नाही: प्रत्येक लेबलावर लॅटिन नावाच्या खाली आपलं नाव. भोयांचं. आणि ते नाव आज काठावर कुणाच्या तोंडी आहे का, तो मासा जाळ्यात येतो का, हे विचारून वहीत टिपायचं.

११ फेब्रुवारी

घरात कुरकुर. "छत्तीस वर्षं अंगाला तो वास घेऊन आलात. आता बिनपगारी पुन्हा?" तिचं चूक नाही. १९९४ साली मला ऑफिसात लिपिक व्हायची संधी आली होती. पगार वाढला असता, खुर्ची मिळाली असती. मी नको म्हटलं, कारण ऑफिसात मासे नव्हते. हे कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. हिला मात्र कळलं होतं, आणि अजून ती ते बोलून दाखवते.

आज बसल्या बसल्या लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

आम्ही भोई. दादा, म्हणजे माझे वडील, भीमेत फेकजाळं टाकायचे. आमचं जुनं गाव आता उजनी धरणाच्या पोटात आहे, पळसदेवच्या अलीकडं. मी सात वर्षांचा असेन. दादांनी धारेतला एक दगड उचलला, तर त्याच्या खालच्या अंगाला बोटाएवढा मासा चिकटलेला. दगड पाण्याबाहेर आला तरी पडेना. दादांनी तो सोडवून माझ्या ओल्या तळहातावर ठेवला आणि माझं मनगट धरून हात उपडा केला. मासा तसाच. त्याच्या खालच्या ओठामागं एक गोल चकती असते, तिनं तो धरतो. चार-पाच श्वासच राहिला असेल. पण तळहाताला लागलेली ती गार, इवलीशी ओढ मला अजून जाणवते. दादा म्हणाले, "मळ्या. याला कोण खात नाय. सोड."

सोडला. पण त्यानंतर मी दगड उलटे करायचा थांबलो नाही.

१९८२ साली कॉलेजात प्रयोगशाळा परिचराची जागा निघाली. धरण भरलं होतं, नवीन गावठाणात आलो होतो, मी मॅट्रिक. मुलाखतीला विभागप्रमुख सर, त्यांच्या टेबलावर एक जार. माझी परीक्षा घ्यायची म्हणून नव्हे, गंमत म्हणून त्यांनी विचारलं, "हे काय आहे सांग." म्हटलं, "मळ्या." सरांनी जार फिरवून लेबल वाचलं: गॅरा मुल्या, सायक्स. मी विचारलं, हे इंग्रजी का? म्हणाले, लॅटिन. मी म्हटलं, "सर, हे तर आमचंच आहे."

नोकरी लागली. त्या एका उत्तरामुळं लागली असं सर नंतर सांगायचे, पण सर गोष्ट रंगवून सांगणारे होते.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. घरीच वही उघडली.

सायक्स म्हणजे कर्नल विल्यम हेन्री सायक्स. कंपनी सरकारनं १८२४ पासून दख्खनची माहिती गोळा करायला नेमलेला. पिकं, पाऊस, माणसं, पक्षी, मासे, सगळं. विलायतेला परत गेल्यावर १८३९ साली त्यानं दख्खनच्या माशांच्या चाळीसवर जाती छापल्या, त्यातल्या बहुतेक नव्या. नव्या म्हणजे लंडनला नव्या. नावं ठेवताना त्यानं बऱ्याच ठिकाणी काठावर कानावर पडलं तेच उचललं आणि लॅटिनच्या शेपटीला बांधलं. शिंगटीची झाली मिस्टस सींगटी. घोगऱ्याचा रिटा गोगरा. मुऱ्याचा मूरेह. कोळशीचा कोलस. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत पाहिला तो खुद्री. आमच्याकडं त्याला खडची म्हणतात, बाकीचे महसीर.

कानानं लिहिलेलं असल्यामुळं काही नावं अशी वाकलीत की ओळखू येत नाहीत. 'ताकरी' म्हणून एक आहे. मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. 'वट्टनाह' हा वाटाणा असावा, पण कुठल्या माशाला वाटाणा म्हणायचे?

घोगरा मात्र तंतोतंत. त्याला पाण्याबाहेर काढला की बाजूचे काटे सांध्यात घासून घर्र घर्र करतो, घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. नाव ठेवणाऱ्यानं तो हातात धरून ऐकलेला होता. सायक्सनं ऐकला होता का, शंका आहे.

प्रत्येक नावाच्या पुढं सायक्स आणि साल. ज्या भोयानं गुडघाभर पाण्यात उभं राहून साहेबाच्या कारकुनाला "शिंगटी" म्हणून सांगितलं, तो कुठल्याच लेबलावर नाही.

२ मार्च

जार १ ते ११ झाले. शिंगट्या, अळकुट्या, एक वाम, दोन मरळ. ओळखीची मंडळी, डोळे झाकून झाली.

जार १२ आणि १७. दोन्हींवर नुसतंच 'बार्बस', दोन्ही मासे वीतभर, दोन्ही आता एकाच मातकट रंगाचे. फॉर्मॅलिन पहिल्यांदा रंग खातं. कुठलाही मासा ठेवा, वर्षभरात गवताच्या काडीसारखा. म्हणून रंग सोडून जे उरतं त्यावर जायचं. मासा ट्रेमध्ये डावी बाजू वर करून ठेवला (पोटाला चीर नेहमी उजव्या अंगाला देतात, म्हणजे डावी शाबूत राहते), भिंग घेतलं आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंतच्या रेषेवरचे खवले सुईच्या टोकानं एकेक मोजले. जार १२ मध्ये २६. मोठे खवले, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. खडची. जार १७ मध्ये ४१, मिशांची एकच जोडी, नाकाडावर बारीक खाचखळगे. कोळशी.

दोन्ही दोनदा मोजले. दुसऱ्या वेळी कोळशीचे ४२ आले. चष्म्याचा नंबर वाढलाय.

३ मार्च

खडचीवरून आठवलं ते लिहितो, नाहीतर राहून जाईल.

नव्वदच्या दशकात मुलांची सहल लोणावळ्याला वळवणच्या धरणावर नेली होती. तिथं टाटांचं महसीरचं बीज केंद्र आहे, सत्तरच्या दशकापासूनचं. मोठी मादी दोघांनी धरली, ओल्या फडक्यात गुंडाळली, आणि एकानं पोटावरून अंगठा हलकेच मागं सरकवला. पिवळीधमक अंडी, साबुदाण्यासारखी टपोरी, कोरड्या भांड्यात पडली. वर नराचं पांढरं पाणी, आणि कोंबडीच्या पिसानं ढवळलं. चमच्यानं नाही, पिसानं. मुलं फोटो काढत होती. मी भांड्याजवळून हललो नाही, शेवटी ड्रायव्हर बोलवायला आला.

त्या केंद्रातून वर्षानुवर्षं बोटुकली देशभर गेली. खुद्री वाचला. २०१८ साली त्याला जागतिक यादीत धोक्याबाहेर काढलं. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मग मॅडमनी दुसरी बाजू सांगितली. हीच बोटुकली कावेरीतही सोडली होती. तिथला स्वतःचा महसीर वेगळा, कुबड असलेला, भगव्या परांचा, जगात दुसरीकडं कुठं नाही. आमच्या खुद्रीनं तिथं बस्तान बसवलं आणि तो मागं हटत गेला. २०१८ सालीच त्याचं नाव अतिधोक्याच्या यादीत गेलं.

मला हे ऐकून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. ते भांडं, ते पीस, सगळी माणसं जीव लावून करत होती. नदी सोडून मासा दुसऱ्या नदीत टाकला की तो पाहुणा राहत नाही, एवढं आमच्या दादांनाही माहीत होतं. ते वरच्या डोहातला मासा खालच्या डोहात टाकायचे, पण भीमेतला भीमेतच.

१४ मार्च

जार २३ फुटला. झाकण निघेना म्हणून गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं, चूक माझी, पाणी जास्त गरम होतं. तळ निखळला आणि दोन लिटर फॉर्मॅलिन फरशीवर. डोळ्यांतून धारा. खिडक्या उघडून अर्धा तास व्हरांड्यात बसलो. मुलीएवढ्या वयाच्या परिचरानं वाळू टाकून सगळं निस्तरलं आणि मला रागावली. मासा (मुरा) वाचला.

पुढचं झाकण: कोमट पाणी, धीर, व्हॅसलीन. ह्याच क्रमानं.

१५ मार्च

त्या मुऱ्याची जुनी नोंद सापडली. मी १९८३ पासून एक वही ठेवतो. ताजा मासा फॉर्मॅलिनमध्ये बुडवायच्या आधी त्याचा रंग लिहून ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. वास आणि रंग हे दोनच जारमध्ये राहत नाहीत. वास राहिला नाही तर सगळ्यांनाच बरं वाटतं, रंगाचं मला वाईट वाटायचं.

"मुरा. अंगावर वाघासारखे पट्टे पण तुटक. बूड पिवळसर. शेपटीच्या मुळाशी वरच्या अंगाला काळा ठिपका, भोवती फिकं कडं, दुसरा डोळा वाटावा असा. वाळूत शिरतो तेव्हा हाच डोळा बाहेर राहतो." अक्षर किती चांगलं होतं माझं.

२६ मार्च

भिगवणच्या मासळी बाजारात पहाटे. लिलाव जोरात. बोली लावणाऱ्याचं गणित ऐकत राहावं असं.

क्रेटच्या क्रेट चिलापी. मग रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या. थोडी मरळ, थोडी वाम, शिंगटा बऱ्यापैकी. घोगरा एका क्रेटच्या तळाशी तीन. मी उचलला, बोलला नाही, मेलेला होता.

चिलापीला शिव्या घालायची फॅशन आहे. आफ्रिकेतला मासा, १९५२ साली देशात आणला, कुठल्याही पाण्यात जगतो, पिल्लांची काळजी घेतो. मादी अंडी तोंडात धरते आणि तेवढे दिवस धड खात नाही. आमच्या भावकीतली निम्मी घरं आज चिलापीवर उभी आहेत. त्याच्यावर राग धरणं मला जमत नाही. सकरवर मात्र धरतो. घरातल्या काचपेटीतून कुणीतरी नदीत फेकलेला, अंगावर पत्र्यासारखं कवच, खायला निकामी आणि जाळं फाडणारा. टायरच्या ट्यूबवर बसून मासे धरणारी दोन पोरं भेटली, त्यांनी जाळ्यातले सकर काठावर ढीग करून टाकले होते, उन्हात तासभर झाला तरी जिवंत.

एका म्हाताऱ्या बाबांना माझी यादी वाचून दाखवली. शिंगटी, हो. घोगरा, हो. मुरा, "हाय की, ओढ्याला." मळ्या, "वर दगडात." कोळशी म्हटल्यावर थांबले. "कोळशी लई दिस झालं." खडची, "बापाच्या टायमाला." नकटा म्हटलं, तर त्यांच्या नातवानं मान वर केली आणि म्हणाला, "बाबा, असला बी मासा अस्तोय व्हय?" बाबा काहीच बोलले नाहीत. नुसते माझ्याकडं बघत राहिले.

नकटा माझ्या यादीत नाही. तोंडातून गेलं.

७ एप्रिल

धरण कधीचंच मायनसमध्ये. ११७ टीएमसीचं धरण, त्यात निम्म्याहून जास्त मृतसाठा, त्याला हात लागला की पेपरात 'उणे अमुक टक्के' असं छापून येतं आणि पुण्या-मुंबईच्या माणसांना वाटतं छपाईची चूक आहे. पळसनाथाचं देऊळ उघडं पडलंय. शिखर बघायला गाड्या येतायत.

मी देवळाकडं न जाता आमच्या गावच्या अंगाला चालत गेलो. गाळाला भेगा पडल्यात, वर शिंपल्यांचा सडा. घराचं जोतं सापडलं असं वाटलं, पण शेजाऱ्याचंही असेल. नदीचं मूळ पात्र मात्र ओळखू येतं, उतार सांगतो. त्या पात्रात आमचा डोह होता.

१९७२. मी चौदा वर्षांचा. पाऊस नाही, आई आणि थोरली बहीण खडी फोडायच्या कामावर, सुकडी आणि लाल मिलो. भीमेची धार तुटली आणि डोह तेवढे राहिले. आमचा डोह रोज हातभर आत सरकायचा. शेवटी शेवटी तर मासे पाण्याच्या वर तोंडं काढून उभे. सकाळी काठावर गेलं की शेकडो तोंडांचा बारीक पच पच आवाज. मी तो आवाज ऐकायला अंधारात जायचो. भूक लागलेली असायची आणि तरी त्या माशांवरून डोळा हलायचा नाही. एवढे प्रकार एका जागी मी नंतर कुठल्याही कॉलेजात पाहिले नाहीत. दादांनी तिथंच मला एकेकाचं नाव सांगितलं. शाळाच म्हणायची, फक्त वर्ग रोज आटत होता.

एका दुपारी दादांनी खालून हातानंच एक मासा वर काढला. हातभर. नाकावर कुणी विळ्यानं घाव घालून नाकाचा शेंडा वर सरकवावा तसं तोंड. "नकटा. नीट बघून घे, हा कवातरीच घावतो."

मी नीट बघितला. मग आम्ही तो घरी नेला आणि खाल्ला. सहा माणसं होतो.

२० एप्रिल

जार २४ ते ३३. काही विशेष नाही. नवीन व्हॅसलीन आणलं.

९ मे

परवा मतदान झालं. प्राध्यापक सगळे इलेक्शन ड्युटीवर, विभागाला कुलूप. आठ दिवस काम बंद होतं. निर्लेखनाची यादी मॅडमनी पुढच्या वर्षावर ढकलली. कशी ढकलली ते विचारलं नाही.

२३ मे

२१ तारखेला कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली. सहा जण गेले. भर उन्हाळ्यात, धरण एवढं खाली असताना. वळवाचा वारा उजनीवर समुद्रासारखा येतो, नदी असताना असं नव्हतं, तिला काठ होते.

मी ज्या भाच्याबरोबर होडीनं वरच्या अंगाला जाणार होतो त्याला नको म्हणून सांगितलं. हिनं पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल स्वतःहून विचारलं, "जारच राहिलेत ना फक्त?"

१२ जून

जार ४१. सावकाश लिहितो.

रॅकच्या सगळ्यात खालच्या फळीवर, भिंतीकडं तोंड करून होता. टाईप केलेलं लेबल: लेबिओ, जात अनिश्चित, भीमा, दौंडजवळ, १९६८. म्हणजे मी नोकरीला लागायच्या चौदा वर्षं आधीचा. छत्तीस वर्षं मी ह्या जारवरची धूळ पुसली आहे. वर्षातून दोनदा धरलं तरी सत्तरवर वेळा हातात घेतला असेल. मासा डोकं खाली करून ठेवलेला, तोंड तळाच्या गाळात. तो जार फिरवून, उलटा करून मी कधी बघितला नाही. बहुतेक जार आपण लेबलावरूनच बघतो.

झाकणानं दोन दिवस घेतले. मासा ट्रेमध्ये ठेवला, पाण्याची बारीक धार सोडून तोंडावरचा गाळ धुतला.

नाकाडावर आडवी खोल खाच. खाचेच्या वरचा भाग पुढं, तोंडावर आलेला, बोथट. खालचा ओठ जाड. पट्टीनं मोजला, २३ सेंटिमीटर. मी स्टुलावर बसून राहिलो. मॅडम आल्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली.

फोटो पुण्याला ह्या विषयातल्या एका जाणकारांना पाठवले. संध्याकाळी उत्तर: स्किस्मॅटोऱ्हिंकस नुक्ता. सायक्सनं चाकणजवळ इंद्रायणीत पाहिलेला. जागतिक यादीत धोक्यात आलेला. त्याला वाहतं पाणी, खडक, खोल डोह लागतात. धरणानं वाहणं गेलं, वाळू उपसून डोहांची तळघरं गेली, वरून पुण्याचं पाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसला भीमेत येतं ते तर सगळ्यांना ठाऊक आहे.

नुक्ता. मी इतकी वर्षं ते नाव पुस्तकात वाचत होतो आणि उर्दूतला नुक्ता, टिंब, असं काहीतरी समजत होतो. सायक्सच्या स्पेलिंगमध्ये 'अ' ला बऱ्याचदा 'यू' असतो. मळ्याचा मुल्या केला त्यानं, तसाच नकट्याचा नुक्ता. माझं म्हणणं कुणी छापणार नाही, पण माझी खात्री आहे. आणि मॅडमनी पुढची गंमत सांगितली. पहिला शब्द ग्रीक. त्याचा अर्थ फाटक्या नाकाचा. म्हणजे शास्त्रज्ञांनी नाव ठेवलं 'फाटक्या नाकाचा नकटा'. एकच गोष्ट दोनदा सांगितली आणि दुसऱ्यांदा सांगितलेली त्यांना कळली नाही.

घरी आलो, हिला सांगितलं. म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तुमच्या नकट्याला बावन्न वर्षं लागली." हिशेब तिनं तोंडी केला. ७२ ते २४, बरोबर बावन्नच होतात.

२ जुलै

नकट्याच्या पोटाला चीर नव्हती. म्हणून आत नीट मुरलेलं नाही, मागचा भाग मऊ आहे. उजव्या अंगाला बारीक चीर दिली, स्पिरिट आत जाईल एवढीच. १९६८ सालचं कुणाचंतरी राहिलेलं काम.

आतडं लांबलचक, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं, आणि त्यात अजून काळपट चिखल. दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. त्या चिखलात आमच्या डोहाच्या वरचं, धरणाच्या आधीचं पाणी आहे. चिमूटभर वेगळ्या कुपीत ठेवलाय. कशासाठी ते माहीत नाही.

२६ जुलै

पुण्यात काल पूर. इथं पाणी वर चढतंय, तासागणिक. जोतं, पात्र, सगळं पुन्हा खाली.

९ ऑगस्ट

धरण भरलं. विसर्ग चालू. लोक पुलावर बघायला गर्दी करतात, तोच पूल, तेच पाणी, मीही गेलो.

१८ ऑगस्ट

जार ४२ आणि ४३ झाले. लेबलं थोरल्या नातवाकडून लिहून घेतोय, माझा हात कापतो. पाचवीत आहे, इंग्रजी शाळेत, लॅटिन नावं माझ्यापेक्षा भराभर लिहितो. मराठीत मात्र प्रत्येक शब्दाला विचारतो, काना का मात्रा. 'घोगरा' लिहिताना हसला. 'नकटा' लिहिताना म्हणाला, "आजोबा, असं चिडवायचं नसतं."

त्याला जार फिरवून तोंड दाखवलं. बराच वेळ काचेला नाक लावून बघत होता. मग विचारलं, "हा खातात का?"

म्हटलं, हो. चव आठवत नाही.

२५ ऑगस्ट

भाच्याबरोबर दौंडच्या वरच्या अंगाला, बंधाऱ्याखाली. धार जोरात, गुडघ्याच्या वर गेलो नाही. दगड उलटायला वाकलो तर कंबर धरली, भाच्यानं उलटले. अकराव्या की बाराव्या दगडाखाली मळ्या. दोन होते. एक निसटला.

दुसरा त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. हात उपडा केला, लगेच पडला. तळहात कोरडा राहिला होता.

जार ४४ ते ५० उद्यापासून. ४६ चं झाकण बसलेलं आहे, कोमट पाणी, धीर. कॅन भरत आलाय, मॅडमना सांगायचं. पेन्सिल एच-बी नको, टोक लवकर झिजतं, टू-एच आणणे.